तीन नंबरची उघाडी

हिराजीनानांनी समितीच्या कचेरीत येऊन टेबलावर स्टीलचा डबा ठेवला, तेव्हा शमिकाला वाटलं, नेहमीसारख्या तांदळाच्या भाकऱ्या असतील. तिनं झाकण काढलं. आत तीन निवट्या होत्या, जिवंत. बोटभर लांब, चिखलाच्या रंगाच्या, डोक्यावर टपोरे डोळे. एकीनं उडी मारली ती थेट कीबोर्डवर, आणि तिथेच शमिकाकडे बघत बसली.

"कुठं गावल्या, विचार," नाना म्हणाले.

"कुठं गावल्या?"

"तीन नंबरच्या आत. शेतांच्या अंगाला."

शमिकानं हातातलं पेन खाली ठेवलं. निवटी हा खाडीच्या चिखलातला मासा. सप्टेंबर संपत आला होता आणि बांधाच्या आतल्या नाल्यात चार महिन्यांच्या पावसाचं गोडं पाणी होतं. तीन निवट्यांनी सुखानं नांदावं असं त्या पाण्यात काही नव्हतं.

तिनं पडदा नानांकडे वळवला. पाच उघाड्या, पाच हिरवे चौकोन, प्रत्येकात 'बंद'. खाली नाल्यातल्या मिठाचा आकडा: लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. नानांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

"तुझा पडदा काय बोलतं ता मला ठावं हाय. निवटी काय बोलतं ता तुला सांगाया आलो."

परवा सर्वपित्री अमावास्या होती. वर्षातली सगळ्यात मोठी भरती त्या दिवशी दुपारी साडेबाराला लागणार होती, आणि मानखारचा भात नेमका निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या.

मानखार गावाची चारशे एकर भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये दीड किलोमीटरचा मातीचा बांध, आणि बांधात पाच उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं. ओहोटीला उघडायची, आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला मिटायची, खाडी बाहेर राहते. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की त्या वर्षीचं पीक जातं, आणि मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची तीन वर्षं जमीन काही देत नाही.

अडतीस वर्षं या उघाड्यांच्या लाकडी फळ्या हिराजीनानांनी घातल्या आणि काढल्या. मग वीस वर्षांत समुद्र चार बोटं वर आला. चार बोटं ऐकायला थोडी वाटतात. पण त्यामुळे ओहोटीचा उपयोगाचा वेळ दर खेपेला पाऊण तासानं कमी झाला, आणि पाऊस पडायचा तो आता एकदम पडायचा. तीन वर्षांत दोनदा बांधाला खांड पडली. तेव्हा खारभूमी समितीनं पुण्याच्या एका कंपनीकडून लोखंडी दारं, मोटारी आणि त्यांना चालवणारी यंत्रणा आणली. भरतीचं वेळापत्रक, पावसाचा अंदाज, नाल्याची पातळी, सगळं बघून दारं आपली आपण उघडायची, मिटायची.

गावकीत हे समजावून सांगायला शमिकाच उभी राहिली होती. अलिबागच्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली, गावातली, समितीनं नुकतीच तंत्रसहायक म्हणून नेमलेली. तिनं फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि बांध काढून दाखवला. मग हात वर करून मत घेतलं, आणि पहिल्यांदा वर गेलेल्या हातांत नानांचा हात होता. तो हात तिच्या डोळ्यांसमोरून जात नसे.

कारण दारं बसल्यावर वर्षभर नाना रोज भरतीच्या वेळी बांधावर जाऊन बसत. दारं त्यांच्यासमोर उघडत, मिटत, त्यांना न विचारता.

म्हणून तर फेब्रुवारीत तिनं यंत्राला नानांचा आवाज दिला होता.

*

दोघं बांधावर गेले. नानांनी दोरीला बाटली बांधून आणली होती, तळाशी दगड, बुचाला दुसरी दोरी. तीन नंबरच्या आतल्या बाजूला त्यांनी बाटली नाल्याच्या तळापर्यंत सोडली, मग बुचाची दोरी ओढली. बुडबुडे आले. बाटली वर घेऊन त्यांनी घोट तोंडात घेतला, थुंकला, आणि बाटली तिच्यापुढे धरली.

शमिकानं चव घेतली. खाडीच होती ती.

"आणि वरचं?" तिनं ओंजळीत नाल्याचं वरचं पाणी घेतलं. गोडं.

तिला आधी स्वतःचा राग आला आणि लगेच गंमत वाटली. खारं पाणी गोड्याहून जड. ते शांतपणे आत आलं तर मिसळत नाही, तळाशी चादरीसारखं पसरत जातं. मिठाचा आकडा सांगणारा सेन्सर तरंगत्या पिपाला बांधला होता. तो तिच्यासारखाच वरचंच पाणी पीत होता.

नानांनी बांबूची कामटी काढून दाराखाली सरकवली. दार तळाला टेकलेलं असतं तर कामटी अडली असती. ती आरपार गेली. बोटभर फट होती. शमिकानं मनात हिशेब केला: दीड मीटर रुंद दार, दोन सेंटिमीटर फट, बाहेर भरतीचं दोन मीटर पाणी. सेकंदाला शंभरेक लिटर, रोज दोन भरत्या. अमावास्येला पाण्याचा जोर वाढेल, फटीखालची माती धुपेल, आणि मग ती फट राहणार नाही, खांड होईल.

"पण पडदा 'बंद' म्हणतोय," ती म्हणाली. मग तिलाच आठवलं. दाराखाली गाळ येतो, दार मिलिमीटरांत वरखाली होतं, सारखी धोक्याची घंटा वाजत राहते. म्हणून कंपनीनं दोन सेंटिमीटरपर्यंत 'बंद'च धरायचं ठरवलं होतं. त्या बैठकीला ती हजर होती.

"बोटभर कोनी उचलला?" नानांनी विचारलं. "मोटार आपली आपण तर चालत नाय."

ते तिलाही जाणून घ्यायचं होतं. भीती वाटायला हवी होती, पण सायकल दामटत कचेरीकडे येताना तिला शाळेतल्या प्रयोगशाळेतल्यासारखं वाटत होतं.

*

प्रत्येक दाराची मोटार आपल्याला आलेल्या आज्ञांची नोंद ठेवते. तीन नंबरला दोन आज्ञा जास्तीच्या आल्या होत्या, अकरा दिवसांच्या अंतरानं. दोन्ही सारख्याच: एक सेंटिमीटर वर. पाऊस ओसरल्यापासून ओहोटीला बाकीची चार दारंच पुरत होती, म्हणून मधल्या काळात यंत्रणेनं तीन नंबर हलवलंच नव्हतं. आणि दोन्ही बाहेरून आलेल्या, गावाच्या नव्हे, देशाच्याही बाहेरून.

हे होऊच शकत नव्हतं. दारांच्या मोटारी जुनी, साधी भाषा बोलतात. त्या भाषेत 'तू कोण' हे विचारायची सोयच नाही. जो सांगेल त्याचं ऐकायचं. म्हणून त्यांच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये एक फायरवॉल बसवलेली असते. गावात सगळे तिला पेटी म्हणतात. पेटी म्हणजे एक छोटा संगणकच. आलेला प्रत्येक निरोप ती थांबवते, कुठून आला, कोणाकडे चाललाय हे पाहते, नियमांच्या यादीशी ताडते. यादीत बसला तर आत सोडते, नाहीतर टाकून देते. उत्तरसुद्धा देत नाही. समोरच्याला वाटावं, इथे कोणी राहतच नाही.

पेटीवर हिरवा दिवा होता. शमिकानं आपल्या फोनचं समितीच्या वायफायशी असलेलं नातं तोडलं, आणि जगातला कोणीही परका माणूस आला असता तसा, बाहेरून, तीन नंबरच्या मोटारीचा पत्ता टाकला.

मोटारीनं ताबडतोब आपलं नाव सांगितलं.

कीबोर्डवरची निवटी कधीच डब्यात गेली होती, पण शमिकाला कोणीतरी अजून टक लावून बघतंय असं वाटलं. ती संध्याकाळपर्यंत पेटीच्या पोटात शिरून एकेक गोष्ट उलगडत बसली. आणि उलगडत गेली तसं तिचं कुतूहल जड होत गेलं, कारण धागा तिच्याच बोटांशी येऊन थांबला.

पेटीचं सॉफ्टवेअर दर सोमवारी ताजं होतं. ते येतं एका भांडारातून, ज्याला या धंद्यात रिपॉझिटरी म्हणतात. भांडारात सॉफ्टवेअरची शेकडो पुडकी असतात. प्रत्येकावर नाव, आवृत्तीचा आकडा आणि भांडारवाल्याची सही. पेटी बनवणारे ती पुडकी एकमेकांबरोबर चालवून पाहतात, मगच सही करतात. म्हणून पेटीनं त्याच एका भांडारातून घ्यायचं, असा दंडक.

फेब्रुवारीत शमिकानं पेटीला दुसऱ्या एका भांडाराचा पत्ता दिला होता. फक्त एक ओळ. एस्टोनियातल्या एका निवृत्त ध्वनिशास्त्राच्या शिक्षकाचं ते भांडार. छोट्या छोट्या बोली मरू नयेत म्हणून त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता: कुणाच्याही दहा मिनिटांच्या बोलण्यावरून तो त्या माणसाचा आवाज आणि हेल शिकायचा. शमिकानं नानांना बांधावर बसवून दहा मिनिटं बोलतं केलं. आणि एका मंगळवारी भरती लागताना गावातले दोनशे बारा फोन एकदम वाजले, आणि प्रत्येकात हिराजीनाना म्हणाले, "भरती लागली हो, उघाडी मिटतंय."

नानांनी तो स्वतःचा आवाज दोनदा ऐकला होता. "सर्दी झाल्यावानी बोलतं," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी गावात चार घरं जास्तीची फिरून आले. तेव्हापासून दुकानात, देवळात लोक त्यांना म्हणायचे, नाना, आज फार लवकर उठवलंत. ते म्हणायचे, समुद्राला सांगा. बांधावर नुसतं बसणं थांबलं होतं.

हा प्रोग्राम पेटीतच का घातला? कारण त्याला आत दारं कधी हलतात ते कळायला हवं होतं आणि बाहेर फोन लावायला हवे होते, आणि दोन्हीकडे पाय असलेलं यंत्र एकच होतं. वेगळं यंत्र मागवलं असतं तर समितीची मंजुरी, महिनाभर वाट. हे एका दुपारीत झालं. पेटीनं पिवळ्या अक्षरांत इशाराही दिला होता, की परक्या भांडारातलं काही घेतलंत तर पुढची जबाबदारी तुमची. तिनं तो वाचला होता. नीट वाचला होता, आणि 'हो' दाबलं होतं.

आता तिला समजलं की तिनं नेमकं कशाला 'हो' म्हटलं. तिला वाटलं होतं, त्या शिक्षकाचा आवाजाचा प्रोग्राम तेवढा आत येईल. पण पेटीला 'तेवढा' कळत नाही. एकदा त्याची सही मान्य केली की त्याच्या भांडारातलं कुठलंही पुडकं पेटीला घरचंच. एकाच नावाचं पुडकं दोन भांडारांत असेल तर पेटी फक्त आकडा बघते आणि मोठा आकडा उचलते.

मजकूर वाचणारं एक क्षुल्लक पुडकं होतं. आवाजाचा प्रोग्रामही ते वापरायचा, आणि पेटीतला नियम वाचणारा भागही. शिक्षकानं ऑगस्टमध्ये स्वतःच्या सोयीसाठी त्याची नवी आवृत्ती बांधली. चार. पेटीच्या मूळ भांडारात होती तीन. पुढच्या सोमवारी पेटीनं शहाण्यासारखी चार घेतली. नव्या पुडक्याला जुन्या पद्धतीची नियमांची यादी वाचता येईना. त्यानं तक्रार न करता कोरी यादी पुढे दिली. आणि यादीत एकही नियम नसेल तर आपल्याला अजून काम नेमून दिलेलंच नाही असं समजून ही पेटी सगळ्यांना आत सोडते. दिवा हिरवा राहिला, कारण दिवा एवढंच सांगतो की पेटी चालू आहे. राखणदार जागाच होता. कुणाला अडवायचं तो कागद तेवढा त्याच्या हातात कोरा होता.

ज्यानं दार उचललं त्याचाही माग तिनं काढला. एका दूरच्या विद्यापीठाचं मोजणी करणारं यंत्र होतं ते. जगातल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन 'कोण आहे?' विचारायचं, 'एक' हा आकडा लिहून बघायचा, उत्तर बदलतं का ते टिपायचं, पुढे जायचं. मोटारीनं 'एक'चा अर्थ एक सेंटिमीटर असा घेतला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मोजणाऱ्याच्या नाही, शिक्षकाच्या नाही, तिच्याही नाही. तीन भल्या माणसांनी मिळून दार उघडं टाकलं होतं.

नोंदवहीच्या शेवटी मात्र एक तिसरा पाहुणा होता. रविवारी आलेला, वेगळ्या पत्त्यावरून. त्यानं पाचही दारांची नावं विचारली, कुठलं दार किती उघडं आहे ते विचारलं, कशालाच हात लावला नाही, आणि गेला. हा मोजणीवाला नव्हता. तो कोण, हे तिला कधीच कळलं नाही. तिनं पेटीची बाहेरची तार उपटली.

मग आतून तीन नंबरला मिटायची आज्ञा दिली. मोटार घरघरली आणि बंद पडली. दाराखाली काहीतरी अडकलं होतं.

*

कंपनीचे निशिकांत सर फोनवर शांत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा 'अच्छा' म्हणाले. पेटी कोरी करून पुन्हा भरायला त्यांचा माणूस शुक्रवारी येऊ शकत होता. अमावास्या गुरुवारी होती. मग त्यांनी अहवालाचा विषय काढला. समितीला अहवाल द्यावा लागेल. त्यात बाहेरून हल्ला झाला एवढं लिहिलं तर कुणालाच त्रास नाही. कंपनीला नाही, शमिकाला नाही.

"आणि ते खोटंही नाहीये, शमिका," ते म्हणाले. "निरोप बाहेरूनच आले ना?"

खरंच खोटं नव्हतं ते. फोन ठेवल्यावर तिनं ते वाक्य कागदावर लिहून पाहिलं. प्रत्येक शब्द खरा होता, आणि तरी त्या वाक्यातून तीन नंबरच्या फटीपर्यंत पोचता येत नव्हतं. पण खरं काय ते सांगितलं तर दोन गोष्टी जाणार होत्या. गावानं तिच्या शब्दावर दारं यंत्राच्या हाती दिली होती, तो शब्द. आणि नानांचा आवाज.

ती आधी नानांकडे गेली. ते अंगणात जाळं दुरुस्त करत होते. भांडार, पुडकं, आवृत्ती हे त्यांना कसं सांगावं याचा विचार तिनं वाटेत केला होता. प्रत्यक्षात तिनं एवढंच सांगितलं, की तुमच्या आवाजासाठी मी एका माणसाला आत घेतलं, आणि तो ज्या कामाला आला त्याच्या पलीकडे त्याचा हात गेला.

नानांनी जाळं मांडीवरून काढलं.

"म्हंजे येसूचा मक्ता," ते म्हणाले.

उघाडीच्या तोंडाशी मासे धरायचा मक्ता गाव दरवर्षी कुणाला तरी देतं. मक्तेदारानं तोंडाशी जाळं लावायचं, मासे न्यायचे. फळीला हात लावायचा नाही. नाना तरुण होते तेव्हा येसू नावाच्या एका मक्तेदारानं जास्त मासे आत यावेत म्हणून भरतीला फळी चार बोटं वर ठेवली होती. वाईट माणूस नव्हता, नाना म्हणाले, माझ्या लग्नात जेवण त्यानंच वाढलं. पण त्या वर्षी साठ एकर भात करपला. तेव्हापासून मक्ता देताना गावकीत सगळ्यांसमोर विचारतात: कशाला आलास, आणि कशाला हात लावणार नाहीस? मक्तेदारानं दोन्ही बोलून दाखवायचं.

"तू त्याला इचारलंस?"

"नाही."

"आन् मी तुला इचारला होता, हाक तर मारतं, पन ओ कोन देतं? तवा हसलीस."

ते खरं होतं. जुनी रीत अशी, की फळी हलवायच्या आधी उघाडीवाल्यानं हाक द्यायची, कारण नाल्यात कोणी मासे धरायला, कोणी म्हैस धुवायला उतरलेलं असायचं. पलीकडून कुणीतरी 'ओ' दिल्याशिवाय फळी हलवायची नाही. तिनं तेव्हा सांगितलं होतं, यंत्राला ओ लागत नाही, नाना, त्याला कॅमेरे आहेत.

"तुमचा आवाज काढून टाकावा लागेल," ती म्हणाली.

नानांनी जाळ्याची एक गाठ आवळली. "माझा आवाज माझ्या गल्यात हाय," ते म्हणाले. "सुगंधाला सांग जा. मी येतंय मागून."

समितीच्या अध्यक्ष सुगंधाताई पाटील यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं. त्यांची स्वतःची सहा एकरं तीन नंबरच्या समोर होती. शमिकानं बाहेरचा हल्ला हा शब्दच वापरला नाही; फेब्रुवारीतल्या त्या दुपारपासून सांगितलं. सुगंधाताईंनी एकच विचारलं, इशारा आला होता का. शमिका हो म्हणाली.

"तुझं काय करायचं ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी पाण्याचं बोल."

*

गुरुवारी पहाटेच्या ओहोटीला पंधरा माणसं बांधावर होती. यंत्रणा बंद. प्रत्येक दाराला वर एक लोखंडी चाक आहे, हातानं फिरवायचं. बसवल्यापासून ते कुणी फिरवल्याचं तिला ठाऊक नव्हतं. खाऱ्या हवेत दोन वर्षांत ते धरलं असेल, ही शमिकाची मोठी काळजी. तिनं तीन नंबरच्या चाकाला हात घातला आणि ते वळलं. तळव्याला काळं वंगण लागलं, ताजं.

तिनं नानांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते.

"दर पंधरा दिवसांनी," सुगंधाताई म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, म्हातारा फिरायला जातो."

तीन नंबरच्या दाराखालून कालवांच्या शिंपल्यांचा मूठभर गठ्ठा निघाला. तो खरवडून काढला. मग पाचही दारं पूर्ण उघडली. नानांचं म्हणणं होतं, आधी तळाचं मीठ बाहेर जाऊ दे. आणि शमिकाचंही तेच होतं, कारण जड पाणी आधी तळातूनच वाहतं. आठपर्यंत दारांतून पाणी घोंघावत बाहेर गेलं. ती दर वीस मिनिटांनी बाटली सोडून चव बघत होती. नऊला तळही गोडा लागला.

आता वेळ साधायची होती. भरती खाडीच्या तोंडाकडून येते, म्हणून एक नंबरला आधी पोचते, पाचला शेवटी. दार लवकर मिटलं तर आतलं पाणी तुंबतं, आणि निसवलेल्या भाताला तेही नको. उशिरा मिटलं तर खाडी आत. दरवेळी हे गणित यंत्रणा करायची. फोन सगळ्यांकडे होते, पण चाकाला दोन्ही हात लागतात, आणि नानांनी विचारलंही नाही. ते एक नंबरवर गेले. शमिकाला त्यांनी पाचवर पाठवलं, एकटीला.

पाच नंबरवर उभी राहून ती खाडीकडे बघत होती. पाणी अजून बाहेर जात होतं, पण मंद. तरंगतं पान दारासमोर आलं, थबकलं, स्वतःभोवती फिरलं. भरती-ओहोटीची समीकरणं तिला पाठ होती; तो थबकण्याचा क्षण तिनं कधी पाहिला नव्हता.

दूरवरून हाक आली. सर्दी झालेली नाही, खरखरीत, लांबवलेली: "एक मिटतंय होऽऽ."

दोनवरून ओ गेला. मग दोनची हाक, तीनचा ओ. तीनची हाक. चारवर सुगंधाताई होत्या. त्यांचा आवाज वाऱ्यावर स्वच्छ आला. "चार मिटतंय होऽऽ."

शमिकानं ओ दिला. तो चारपर्यंत पोचलाच नाही. सुगंधाताई थांबल्या. त्यांचा हात चाकावर होता, पण चाक हललं नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली, आणि पलीकडे सगळा बांध तसाच थांबलेला शमिकाला दिसला.

तिनं पोटातून ओ दिला. असा आवाज आपल्याला आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मग चार मिटलं, आणि तिनं पान परत आत वळताना पाहिलं, आणि आपलं चाक फिरवायला घेतलं. दार तळाला टेकल्याचा ठोका तळपायांना जाणवला. कामटी घालून बघितली. अडली.

"पाच मिटलं होऽऽ."

ओ आला. चारवरून, तीनवरून, दोनवरून, आणि बऱ्याच वेळानं, बारीक झालेला, एकवरून.

साडेबाराला पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली येऊन उभं राहिलं. अर्धा तास तसंच उभं होतं. मग उतरायला लागलं. सुगंधाताई तीन नंबरच्या आतून एक निसवलेली लोंबी तोडून बघत होत्या. ती त्यांनी शमिकाच्या हातात दिली.

*

शुक्रवारी कंपनीच्या माणसानं पेटी कोरी करून मूळ भांडारातून पुन्हा भरली. नियमांच्या यादीत ओळी आहेत की नाहीत तेही बघेल अशी एक वेगळी तपासणी शमिकानं आग्रहानं घालून घेतली, आणि मिठाचा सेन्सर पिपावरून काढून नाल्याच्या तळाशी बांधला. आवाजाला एक वेगळं छोटं यंत्र मिळणार होतं, पेटीच्या बाहेर, ज्याला दारांच्या हालचाली ऐकू येतील पण हात नसतील. तिनं एस्टोनियातल्या शिक्षकाला सगळं कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि नानांचा आवाज खाडीवर वाजतो हे ऐकून फार आनंदही झाला होता. शेवटी त्यानं लिहिलं होतं, की ते भांडार मी माझ्या टेबलासाठी ठेवलंय, दरवाजासाठी नाही. तुम्ही मला आधी विचारलं असतंत तर मी हेच सांगितलं असतं.

गावकीत तिच्यावर दीड तास चर्चा झाली. काहीजण म्हणाले, लाकडी फळ्या परत आणा. काहीजण म्हणाले, पोरगी बदला. ठरलं ते निराळंच. यंत्रणा राहील, शमिकाही राहील. पण पेटीत यापुढे काहीही घालायचं तर शेजारी हिराजीनाना बसतील, आणि मक्त्याचा प्रश्न विचारतील. उत्तर पटलं तरच ते ओ देतील.

निशिकांत सर फोनवर हसले होते. ज्या माणसाला पडद्यावरचं वाचता येत नाही तो सॉफ्टवेअर तपासणार. शमिकालाही थोडं हसू आलं होतं.

सोमवारी सकाळी नाना स्टीलचा डबा घेऊन आले. या वेळी भाकऱ्या होत्या. खुर्ची ओढून शेजारी बसले. नवीन काही घालायचं नव्हतं. म्हणून शमिकानं सहज, सुरुवात म्हणून, पेटीत आधीपासून असलेल्या पुडक्यांची यादी उघडली. मूळ भांडारातलीच, कंपनीनं सही केलेली. एकशे चाळीस.

"ह्या पयला कशाला आलाय?" नानांनी विचारलं.

"घड्याळ बरोबर ठेवायला."

"आन् कशाकशाला हात लावंल?"

तिनं सांगितलं. ओ मिळाला. दुसरं नोंदी लिहायला. ओ. तिसरं किल्ल्या तपासायला. ओ.

चौथ्याचं नाव तिनं वाचलं आणि थांबली. हे नाव तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. कंपनीनं पाठवलं होतं, पहिल्या दिवसापासून पेटीत होतं. ते कशाला आलं होतं, हे तिला सांगता येईना. तिनं पाचवं पाहिलं. मग यादी भरभर खाली सरकवली, आणि पुन्हा वर आली.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "हे काय करतं मला ठाऊक नाही, नाना."

नानांनी डब्याचं झाकण काढून भाकरी तिच्यासमोर सरकवली आणि खिडकीतून खाडीकडे पाहिलं.

"मंग बघ," ते म्हणाले. "भरतीला अजून येल हाय."